एकच फ्लॅट, वेगवेगळे हिशेब

ताथवड्यातल्या एखाद्या नव्या गृहप्रकल्पाच्या साइट ऑफिसात रविवारी सकाळी तासभर बसलात, तर एकाच सॅम्पल फ्लॅटमधून किती तऱ्हेची माणसे फिरून जातात ते दिसते. हिंजवडीत नोकरी करणारे, नुकतेच लग्न झालेले जोडपे येते. लातूरकडचे निवृत्त शिक्षक मुलाला घेऊन येतात. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे त्यांना मार्गी लावायचे असतात. परदेशातल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर बाल्कनी दाखवणारे आईवडील येतात. आधीच दोन फ्लॅट असलेला गावातला माणूस येतो आणि थेट विचारतो, भाडे किती येईल? सगळ्यांच्या हाती पडणारे किमतीचे पत्रक एकच असते. सगळ्यांचा प्रश्नही एकच असतो: घेऊ का?

उत्तर मात्र एक असू शकत नाही. घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, याचे उत्तर घराच्या किमतीत अर्धेच मिळते. उरलेले अर्धे घेणाऱ्याच्या परिस्थितीत असते. तो इथे किती वर्षे राहणार, त्याची मिळकत किती भरवशाची, त्याच्यावर कोण अवलंबून आहे आणि अडचण आली तर हाताशी काय आहे? बाजाराविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. या चार प्रश्नांची उत्तरे ज्याची त्यालाच द्यावी लागतात, आणि नेमकी तीच घाईगर्दीत राहून जातात.

मुळशीतले गाव, महामार्गालगतचे शहर

ताथवडे हे मूळचे मुळशी तालुक्यातले गाव. २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. तोवर गावाच्या अंगावरून मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता गेला होता आणि पलीकडे हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले होते. इंदिरा, बालाजी, राजर्षी शाहू या शिक्षणसंस्थांनी गावात हजारो विद्यार्थी आणले. वाकड भरत आले तशी बांधकामे ताथवडे, पुनावळे, रावेत अशी सरकत गेली.

त्यामुळे इथे घर शोधणाऱ्यांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. आयटीतल्या माणसाला भूमकर चौकातली कोंडी चुकवून कंपनी गाठायची असते. विद्यार्थ्याला कॉट बेसिसवर एक खाट, एक कपाट आणि मेस हवी असते. नवरा चाकणच्या वाहन कारखान्यात आणि बायको हिंजवडीत अशी जोडपीही या बाजूला घर पाहतात, कारण दोघांच्या प्रवासाची विभागणी त्यातल्या त्यात इथे जमते. ज्यांच्या शेतावर या इमारती उभ्या आहेत त्या गावकऱ्यांसाठी तर फ्लॅट म्हणजे विकसन करारातून मिळालेला जमिनीचाच मोबदला असतो. एकाच मजल्यावर यांची दारे समोरासमोर असतात आणि प्रत्येक दारामागचा हिशेब वेगळा असतो.

आधी आकडे

हिशेबासाठी ८० लाखांचा फ्लॅट धरू. तसाच फ्लॅट भाड्याने महिना २५ हजारांना मिळतो असे समजू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकाने आपले आकडे घालून पाहावेत, रीत तीच राहते.

साठ लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता येतो सुमारे ५२ हजार रुपये. वीस लाख खिशातून घालायचे. त्यावर मुद्रांक शुल्क: पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मेट्रोचा एक टक्का अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेले घर असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. एकूण २६ ते ३० लाख रुपये रोख हवेत, आणि मुद्रांक शुल्काला बँक सहसा कर्ज देत नाही.

हाच फ्लॅट अकरा महिन्यांसाठी भाड्याने घेताना काय होते ते पाहू. एजंट लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र घेऊन घरी येतो. डायनिंग टेबलावर मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार बसतात. आधार क्रमांक घातला जातो, एकेकाचा अंगठा लागतो, फोटो निघतो. एखाद्या आजोबांचा ठसा उमटत नाही, मग बोट पुसून पुन्हा लावले जाते. काही दिवसांत नोंदणी झालेला लिव्ह अँड लायसन्सचा करार मोबाइलवर येतो. यासाठी मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. डिपॉझिट लाखभर असेल तर त्यावरचे दहा टक्क्यांचे मानीव व्याज धरूनही ते सातशे-आठशे रुपयांच्या घरात येते. नोंदणी फी शहरात एक हजार. एजंटाची दलाली वेगळी, ती बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी.

एका व्यवहारात शिरायला सरकारला द्यायचे दोन हजारांहून कमी, दुसऱ्यात जवळपास सहा लाख. एकदा भरलेले मुद्रांक शुल्क घर विकताना परत मिळत नाही. ते जितक्या वर्षांवर पसरेल तितके हलके होते. म्हणून पहिला प्रश्न वर्षांचा.

किती वर्षे?

कर्जाच्या हप्त्यात सुरुवातीला व्याजाचाच वाटा मोठा असतो. वरच्या उदाहरणात पहिल्या महिन्याच्या ५२ हजारांपैकी साडेबेचाळीस हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम साडेनऊ हजारांनी कमी होते. तीन वर्षांत बँकेत पावणेएकोणीस लाख भरले जातात आणि मुद्दल फिटते अवघे ३ लाख ९० हजार.

समजा, तीन वर्षांनी नोकरी बंगळूरला गेली आणि फ्लॅट विकावा लागला. व्याजाचे १४ लाख ८० हजार, शुल्काचे ५ लाख ९० हजार, महिना चार हजारांप्रमाणे मेंटेनन्सचे १ लाख ४४ हजार. खिशातले २६ लाख मुदत ठेवीत असते तर सात टक्के सरळ व्याजाने सुमारे साडेपाच लाख मिळाले असते, तेही गेले. बेरीज साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. तीन वर्षे भाड्याने राहिले असते, दरवर्षी पाच टक्के वाढ धरली, तरी भाडे साडेनऊ लाख झाले असते. फरक अठरा लाखांचा. तो भरून यायला फ्लॅटची किंमत तीन वर्षांत ८० वरून ९८ लाखांवर जायला हवी, म्हणजे दरवर्षी जवळपास सात टक्के वाढ. तीही आजूबाजूला नवे टॉवर विक्रीला असताना आणि आपल्याला विकायची घाई असताना. हाच फ्लॅट पंधरा वर्षे राहायला घेणाऱ्याचे चित्र पार वेगळे असते. शुल्क पंधरा वर्षांत वाटले जाते, मुद्दल फिटत येते, भाडे मात्र दर करारागणिक वाढत गेलेले असते.

इथे आधीच्या पिढीच्या सल्ल्याकडे आदराने पाहायला हवे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आले. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडी-आकुर्डीच्या परिसरात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड मिळू लागले. त्या काळी कारखान्यात कायम झालेला कामगार बहुतेक निवृत्तीपर्यंत त्याच गेटातून आत जात असे. भविष्य निर्वाह निधीतून थोडे, पतपेढीतून थोडे, थोडे बायकोचे दागिने मोडून त्याने भूखंडावर आधी दोन खोल्या बांधल्या आणि मुले मोठी झाली तसा मजला चढवला. त्याच्यासाठी घर घेणे हा शहाणपणाचाच निर्णय होता, कारण तो तीस वर्षे तिथून हलणार नव्हता.

तोच माणूस आज मुलाला सांगतो, "भाड्यात पैसे घालवू नकोस, लवकर घर घे." हा सल्ला त्याच्या आयुष्याने खरा ठरवलेला आहे. पण मुलाची तिसरी कंपनी आहे, चौथी हैदराबादला असू शकते. परिस्थिती बदलली की सल्ल्याची मुदतही तपासावी लागते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ओस्वाल्ड यांनी १९९६ मध्ये असे मांडले की जिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण जास्त, तिथे बेकारीही जास्त आढळते, कारण घरात अडकलेला माणूस कामासाठी सहज गाव सोडत नाही. यावर अर्थशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तरीही नव्या नोकरीचा फोन आल्यावर फ्लॅटचा विचार आधी मनात येतो, हे ज्याने अनुभवले त्याला या म्हणण्यातला खरा अंश कळेल.

मिळकतीचा भरवसा

दुसरा प्रश्न पगार किती हा नाही. तो पगार किती काळ आणि किती नेमाने येईल, हा आहे.

चाकण-पिंपरी पट्ट्यात एकाच लाइनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे राहून काम करतात. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा या पट्ट्यातल्या कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले. अशा वेळी कायम कामगाराची मिळकत घटते. कंत्राटी कामगाराची थांबूच शकते. दोघांच्या मागच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या सारख्या दिसल्या, तरी वीस वर्षांच्या हप्त्याला दोघे सारखे पुरे पडतील असे नाही. पुढच्याच वर्षी करोना आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्त्यांना सवलत दिली. हप्ता थांबला, पण व्याज चालूच राहिले आणि ज्यांनी सवलत घेतली त्यांचे देणे वाढले.

आयटीतल्या जोडप्याचा धोका वेगळ्या जागी असतो. बँक दोघांचे पगार धरून कर्ज मंजूर करते. पण पुढच्या पाच वर्षांत मूल होणार असेल, आईला कामातून काही काळ बाहेर पडावे लागणार असेल किंवा गावाकडचे सासूसासरे उपचारांसाठी इकडे येणार असतील, तर हप्ता एका पगारात बसतो का, हे आधीच पाहायला हवे. बँक ते पाहत नाही. ते काम घरातल्यांचे आहे.

व्याजदराचीही हीच गोष्ट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. सात टक्क्यांनी साठ लाखांचे नवे कर्ज घेणाऱ्याचा हप्ता साडेशेचाळीस हजार होता. दर साडेनऊ झाला की त्या कर्जाचे महिन्याचे व्याजच साडेसत्तेचाळीस हजार होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटणे राहिले दूर, ते वाढत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकांनी कर्जदाराला द्यावा. हा पर्याय वापरायला मात्र महिन्याकाठी आठ-दहा हजारांची ऐसपैस जागा संसारात असावी लागते. ती नसेल तर घर हाती असूनही झोप लागत नाही.

बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्याला ही जागा दुप्पट लागते, कारण ताबा मिळेपर्यंत प्री-ईएमआय, म्हणजे उचललेल्या कर्जाचे व्याज, आणि चालू घराचे भाडे दोन्ही भरायचे असते. २०१६ चा रेरा कायदा आणि २०१७ पासून सुरू झालेले महारेरा यांनी मोठा आधार दिला आहे. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ताबा लांबला तर व्याज मागता येते. पण तो दावा चालू असताना दर महिन्याचे भाडे भरणे थांबत नाही. म्हणून ज्याच्याकडे वर्षभराचा खर्च शिल्लक नाही, त्याने ताबा तयार असलेले घर थोडे लहान किंवा थोडे जुने घ्यावे. ते अधिक सुरक्षित.

घरातली माणसे

घराचे निर्णय फार थोड्या वेळा एकटा माणूस घेतो. लग्न जुळवताना "मुलाचे पुण्यात स्वतःचे घर आहे का?" हा प्रश्न मराठवाड्यापासून कोकणापर्यंत विचारला जातो. या एका प्रश्नापोटी कितीतरी तरुणांनी सत्ताविशीत कर्ज काढले आहे. मुलीकडच्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण कर्जाने घेतलेला फ्लॅट पाहून स्थैर्याची खात्री धरणे धोक्याचे असते. ज्याची बचत चांगली आहे आणि जो भाड्याने राहतो, तो कधीकधी जास्त स्थिर असतो. हे वडीलधाऱ्यांनी उघडपणे मान्य केले, तर पुष्कळ तरुण घरांवरचा ताण उतरेल.

गावाकडची जमीन विकून फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सहसा शेतकरी असावे लागते. सगळी जमीन विकून सात-बारावरचे नाव गेले, तर पुन्हा शेती घेणे अवघड होऊ शकते. शिवाय वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून तो भक्कम केला. बहिणींना न विचारता विकलेल्या जमिनीच्या पैशांतून आलेला फ्लॅट पुढे वर्षानुवर्षे कोर्टात अडकू शकतो. निवृत्त आईवडिलांनी तर आणखी एक विचार करावा. आयुष्यभराची पुंजी मुलाच्या फ्लॅटमध्ये घातली, तर आजारपणासाठी हातात काय राहते? रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ च्या अहवालात दाखवले होते, की सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी ७७ टक्के वाटा जमीन-घरांत असतो आणि बँक, विमा, शेअर अशा वित्तीय रूपात केवळ ५ टक्के. रुग्णालयाचे बिल बाल्कनी विकून भरता येत नाही.

मालकी कोणाच्या नावावर, हाही असाच घरगुती वाटणारा, पण दूरगामी निर्णय. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ८० लाखांच्या घरावर ही बचत ८० हजारांची. पतीपत्नी दोघांची नावे घातली तर सवलत नाही. काही घरांत बचतीसाठी पत्नीचे नाव पहिल्यांदा नोंदणीच्या उताऱ्यावर, म्हणजे इंडेक्स टूवर येते, आणि त्याने तिची घरातली जागा बदलते. उलट, दोघे मिळून हप्ता भरतात आणि नाव एकट्या पतीचे, असेही पुष्कळ घरांत दिसते. संसार मोडला किंवा पती गेला, की त्या कागदाची किंमत कळते. जो हप्ता भरतो त्याचे नाव कागदावर असावे, एवढे तरी प्रत्येक घराने पाळावे.

मालकाच्या खुर्चीतून

भाडेकरूइतकीच मालकाचीही परिस्थिती पाहावी लागते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरू घर सोडेना झाले. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही पुढे १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख धरून संरक्षण मिळाले. 'घर दिले की गेले' ही धास्ती त्या पिढीच्या मनात तेव्हाची. देशाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे, की शहरांतील भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्यामागे अशा कायद्यांचाही हात होता. महाराष्ट्राचा १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात कराराची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्याची वेगळी, तुलनेने जलद वाट आहे. करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. ताथवड्यासारख्या ठिकाणी भाड्याचा एवढा मोठा बाजार उभा राहिला, त्याला या कायद्याचाही पाया आहे.

आता मालकाचा हिशेब. ८० लाखांच्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे ३ लाख. मेंटेनन्स, मिळकतकर आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामा जाणारा महिना वजा केला की सव्वादोन लाखही उरत नाहीत. म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी भोगवटेतर शुल्कही आकारते, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. ज्या गावकऱ्याला विकसन करारातून फ्लॅट मिळाला, त्याच्यावर कर्ज नाही. त्याच्यासाठी हे भाडे म्हणजे शेती गेल्यावरचे पेन्शन आहे आणि ते चांगले आहे. साडेआठ टक्क्यांनी कर्ज काढून तोच फ्लॅट भाड्याने देणारा मात्र दर महिन्याला पगारातून तूट भरत असतो. त्याचा सगळा भरवसा किंमत वाढण्यावर आहे. २०२० मध्ये हिंजवडीतले काम घरून सुरू झाले, तरुण भाडेकरू आपापल्या गावी गेले आणि या भागातले कितीतरी फ्लॅट रिकामे पडले. कर्ज नसलेल्या मालकाने थांबून वाट पाहिली. कर्ज असलेल्याला रिकाम्या घराचाही हप्ता भरावा लागला.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून तीस टक्के आणि त्यावरचा उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. पुष्कळ भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि नोटीस पुढे त्यांनाच येते. घर विकतानाही अनिवासी मालकाच्या रकमेतून निवासी मालकापेक्षा खूप जास्त कर आधी कापला जातो. कमी कपातीचे प्रमाणपत्र काढून ठेवले नाही तर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकते. मुलगी परदेशात आणि चाव्या आईवडिलांकडे असतील, तर गळका नळ दुरुस्त करून घेण्यापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत सगळे काम सत्तरीतल्या माणसांवर पडते. गुंतवणुकीच्या हिशेबात त्यांच्या कष्टांची ओळ कुणी लिहीत नाही.

पाणी, रस्ते आणि निघून जाण्याची मोकळीक

पिंपरी-चिंचवडची मुख्य तहान पवना धरणावर भागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने शहरात दिवसाआड पाणी सुरू केले. ताथवडे, पुनावळे, वाकड या भागांतल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर विसंबून आहेत. उन्हाळ्यात पहाटे गेटाबाहेर टँकरची रांग लागते, वॉचमन वहीत खेपा लिहितो आणि महिनाअखेरीस ती वही मेंटेनन्सच्या बिलात उतरते. पावसाळ्यात महामार्गाखालच्या अरुंद भुयारी मार्गांत पाणी साचते आणि शाळेची बस पलीकडेच अडकते.

हे सोसणे भाडेकरू आणि मालक यांच्या वाट्याला वेगवेगळे येते. भाडेकरूला अकरा महिन्यांनी दुसरे घर पाहता येते. मालकाला तिथेच राहून परिस्थिती सुधारण्यासाठी झगडावे लागते. शेजारच्या पुनावळ्यात महापालिकेचा नियोजित कचरा प्रकल्प होता. २०२३ मध्ये तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरात राज्य सरकारने विधिमंडळात तो रद्द करत असल्याचे जाहीर केले. त्या आंदोलनाला बळ मिळाले ते आयुष्याची कमाई तिथल्या घरांत घातलेल्या माणसांमुळे. मालकी माणसाला जागेशी बांधते. त्यातून नागरिक म्हणून जबाबदारी येते, जिद्दही येते. ज्याची तिथे मुळे रुजवायची तयारी आहे, त्याच्यासाठी ही मालकीची खरी कमाई आहे. ज्याची नाही, त्याच्यासाठी ते ओझे आहे.

साइटवर जाण्याआधी

साइट ऑफिसात पाऊल टाकण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर काही गोष्टी लिहाव्यात. पुढची किती वर्षे इथेच राहण्याची शक्यता आहे? एक पगार सहा महिने थांबला तर हप्ता कशातून जाईल? पुढच्या दहा वर्षांत मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण, बहीणभावांचे देणे यांपैकी काय समोर येणार आहे? पैसे भरल्यावर वर्षभराचा खर्च हातात उरतो का? आणि कागदावर कोणाकोणाची नावे असतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाच वर्षांहून कमी असेल, तर निर्धास्तपणे भाड्याने राहा आणि हप्ता व भाडे यांतला फरक नेमाने बाजूला टाका. तो फरक खर्च केला, तर भाड्याने राहण्याचा सगळा फायदा संपतो. उत्तर दहा वर्षांहून जास्त असेल, एका पगारात हप्ता बसत असेल आणि संकटकाळची शिल्लक हाताशी असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र, महारेराची नोंद, जमिनीचा सर्च रिपोर्ट आणि उन्हाळ्यातले टँकरचे बिल पाहून घर घ्या. मधल्या वर्षांत असाल तर थांबा. बाजारात घरे येतच राहतात.

आणि एक विनंती वडीलधाऱ्यांना. मुलगा-सून भाड्याच्या घरात राहतात म्हणून त्यांचे काही कमी आहे असे समजू नका. जर्मनीसारख्या संपन्न देशात निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. तुमच्या वेळची परिस्थिती तुम्ही नीट ओळखली, म्हणून तुमचे घर झाले. त्यांनाही त्यांची परिस्थिती ओळखायला वेळ द्या.